पोर्क, आलुबुखार आणि मंद आच

गेल्या अंकात मांसाबरोबर फळं शिजवण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर इंदूर, महू, बडोदे, ग्वाल्हेर अशी सगळीकडून पत्रं आली. त्यातल्या एकाचं उत्तर सविस्तरच द्यायला हवं, म्हणून या वेळचं बरंचसं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न: माझी मुलगी फ्रान्समध्ये टूर्सला शिकायला होती. ज्या आजींकडे ती राहायची, त्या थंडीतल्या रविवारी पोर्क आणि आलुबुखार घालून काहीतरी तासन् तास शिजवत. मुलगी आता इंदूरला परत आली आहे. तिकडची आठवण निघाली की गप्प होते. नाताळच्या सुट्टीत तिला ते करून घालावं असं मनात आहे, पण मी आजवर पोर्क शिजवलेलं नाही. घरात मोठा ओव्हन नाही. सासूबाईंना त्यांच्या ओट्यावर हे चालणार नाही. मांस कुठलं आणायचं? वाइन लागतेच का? जंतांची भीती खरी आहे का? एका पुस्तकात वाचून आधी चिकनवर करून पाहिलं, तर ते नुसतं गोड झालं. (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर: ताई, तुमच्या मुलीनं जे खाल्लं त्याला तिकडे ‘पोर ओ प्रुनो’ म्हणतात. मीही तरुणपणी टूर्सलाच एका कुटुंबात राहून फ्रेंच शिकले आणि पुढे इंदूरला ते शिकवलं, त्यामुळे तुमचं पत्र मी अगदी आपुलकीनं वाचलं. टूर्स हे लुआर नदीच्या खोऱ्यातलं शहर. तिथल्या बागांतले प्लम सुकवून ठेवायचे, आणि थंडी पडल्यावर घरचं डुक्कर कापलं की दोन्ही एकाच भांड्यात जायचं, अशी या पदार्थाची साधी शेतकरी चाल. आज फ्रान्समधला नावाजलेला सुका प्लम नैर्ऋत्येकडच्या आझँचा. २००२ साली त्याला युरोपात भौगोलिक मानांकनही मिळालं. पदार्थ मात्र टूर्सच्या नावावरच राहिला आहे.

त्याचे दोन अवतार आहेत आणि पुस्तकांत बहुतेक वेळा चुकीचा सापडतो. हॉटेलात पाठीच्या नरम मांसाच्या गोल चकत्या लोण्यात परततात, वर वाइन, क्रीम आणि रेड करंटची जेली घालून अर्ध्या तासात ताट बाहेर काढतात. घरच्या आजी जे रविवारी करतात ते वेगळं. त्यात खांद्याचं मांस असतं, आणि सकाळी चर्चला जाण्याआधी चढवलेलं भांडं दुपारी उतरतं. तुम्हाला हे दुसरं करायचं आहे. ते सोपंही आहे, कारण त्यात हातखंडा लागत नाही, सवड लागते.

सगळं मांसाच्या तुकड्यावर अवलंबून आहे. पुढच्या पायाच्या वरचा, खांद्याचा भाग घ्या, ज्यात मांसामधून पांढरे पडदे आणि चरबीच्या रेषा गेलेल्या दिसतात. जनावराचा हा भाग सतत राबतो, म्हणून तो चिवट. पण त्या पडद्यांमध्ये कोलॅजन असतं, आणि त्याला सत्तर-ऐंशी अंशांवर ओलसर उष्णता तास दोन तास मिळाली की त्याचं जिलेटिन होतं. रस्सा ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळे. मैद्यानं किंवा काजूच्या वाटणानं तो दाटपणा येत नाही. पाठीच्या मांसात कोलॅजन अगदी कमी. ते दोन तास शिजवलं की त्याचा भुसा होतो आणि मग आपण पोर्कलाच नावं ठेवतो.

मी स्वतः पोर्क महूहून आणते. छावणीचं गाव, लष्करातली कुटुंबं, जुनी ख्रिस्ती घरं, त्यामुळे तिथे मागणी असते आणि माल पडून राहत नाही. इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटर, म्हणजे सकाळी जाऊन अकराच्या आत परत येता येतं. बरोबर बर्फ घातलेला डबा मात्र न्या. ‘शोल्डर’ म्हटलं की दुकानदाराला कळतं. नाहीच कळलं तर ‘आगे का हिस्सा, चर्बी के साथ’ म्हणा. सहा माणसांना एक किलो बिनहाडाचं पुरे. अख्खा तुकडा घ्या आणि घरी कापा, कारण दुकानात करीसाठी म्हणून बारीक फोडी करून टाकतात आणि त्या इतका वेळ टिकत नाहीत. फोडी पाच-सहा सेंटिमीटरच्या हव्यात. आपल्याकडे पोर्क बरेचदा सालीसकट मिळतं. साल सोलून काढा पण फेकू नका, भांड्याच्या तळाशी अंथरा. फ्रेंच बायका हे आवर्जून करतात, कारण सालीत कोलॅजन भरपूर. शेवटी ती काढून टाकायची.

आदल्या रात्री मांसाला दोन सपाट चमचे मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवा. दही, आलं-लसूण वाटण, हळद यांतलं काही लावू नका. मला माहीत आहे, हात तिकडेच जातो. पण या पदार्थात मांसाची स्वतःची चव आणि फळाची चव यांच्यामध्ये कोणी तिसरं नको. मिरं, थोडं सुकं थाईम, चार लसणीच्या पाकळ्या ठेचून, एवढाच मसाला. तमालपत्राबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगते: आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, तीन शिरांचं. त्यांचं पान वेगळ्याच झाडाचं, मधोमध एक शीर असलेलं आणि वासाला निलगिरीकडे झुकणारं. ते मिळालं तर एक घाला, नाहीतर पान वगळा. आपलं घातलंत तर पुलावाचा वास येईल.

दुसऱ्या दिवशी फोडी स्वच्छ फडक्यानं टिपून कोरड्या करा. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे तेल कडकडीत तापवा आणि फोडी दोन-तीन हप्त्यांत, एकमेकींना न चिकटता, चांगल्या बदामी रंगावर परता. हे काम घाईनं उरकू नका. रश्शाचा निम्मा रंग आणि खमंगपणा इथेच येतो. फोडी बाहेर काढा, त्याच तेलात थोडं लोणी आणि तीन उभे चिरलेले कांदे, एक गाजर घाला, आणि कांदा अगदी मऊ, पिवळसर होईपर्यंत थांबा. कांदा आधी मऊ व्हायलाच हवा. वाइन किंवा कुठलंही आंबट पडल्यावर तो लवकर शिजत नाही, दोन तासांनीही दाताखाली कचकचतो. मग एक मोठा चमचा मैदा भुरभुरवा, मिनिटभर परता, वाइन ओता, तळाला धरलेलं सगळं उलथन्यानं खरवडून घ्या. साल तळाशी, वर मांस, आणि पाणी फोडींच्या निम्म्यापर्यंतच. फोडी बुडवल्या तर ते उकडलेलं मांस होईल.

भांडं बिडाचं घ्यायचं असेल तर आतून एनॅमलचं अस्तर असलेलंच घ्या. साध्या बिडात वाइन आणि आलुबुखार तासन् तास शिजले की रस्सा काळपट होतो आणि त्याला लोखंडाची चव येते.

आता आच. मी ज्यांच्याकडे राहायचे त्या बाई हे भांडं शिजत असताना शेजारच्या खोलीत बसून विणकाम करायच्या आणि झाकण न उघडता, नुसत्या आवाजावरून, गॅस मोठा की लहान ते ओळखायच्या. बुडबुड्यांचा सलग आवाज आला की उठून आच कमी करायच्या. मध्येच एखादा ‘डब्’ एवढाच आवाज त्यांना चालायचा. त्यात पक्कं शास्त्र आहे: रस्सा खदखदत राहिला की मांसाचे धागे आवळतात, आतला रस पिळून बाहेर टाकतात, आणि पडदे विरघळायच्या आत फोड कोरडी पडते. ऐंशी-पंच्याण्णव अंशांच्या दरम्यान, पृष्ठभाग नुसता थरथरत असताना, तेच मांस लोण्यासारखं होतं. आपल्या गॅसवर सगळ्यात लहान शेगडीही पुष्कळदा जास्तच होते. पातेल्याखाली जुना तवा ठेवा, बिर्याणीच्या दमाला ठेवतो तसा. झाकण घट्ट बसत नसेल तर कडेला कणीक लावून बंद करा. फ्रान्सच्या पूर्वेला आल्झासमध्ये बेकोफ नावाचं मांस-बटाट्याचं भांडं करतात, त्याचंही झाकण कणकेनंच लिंपतात. पण पहिल्यांदा करताना लिंपू नका, मध्ये बघावंसं वाटेल. छोटा ओव्हन असेल आणि भांडं आत मावत असेल तर १५० अंशांवर ठेवा, तेही उत्तम.

सव्वा-दीड तासानं काट्यानं फोड टोचून पाहाल तर ती सुरुवातीपेक्षा कडक लागेल. घाबरू नका, पाणी वाढवू नका, आणि कृपा करून कुकरमध्ये हलवू नका. धागे आवळून झालेत आणि पडदे अजून विरघळायचेत, असा तो मधला टप्पा आहे. अडीच तासांच्या सुमारास काटा घालून फिरवला की फोड आपण होऊन सुटते.

फळ यानंतर. तुमचं चिकन गोड झालं त्याची दोन कारणं असावीत. चिकनमध्ये त्या गोडाला तोलणारी चरबी नसते, आणि फळ बहुधा सुरुवातीलाच पडलं असेल. मग ते विरघळून सगळा रस्साच गोड होतो. इथे पाव किलो आलुबुखार आदल्या रात्री कोऱ्या, बिनसाखरेच्या चहात किंवा थोड्या वाइनमध्ये भिजवा आणि शेवटच्या अर्ध्या तासात घाला. त्यातले चार-पाच कुस्करून रश्श्यात मिसळा, बाकीचे अख्खे राहू द्या. ताटात फळ फळ म्हणून दिसायला हवं, आणि प्रत्येक घासाला मांस आणि फळ यांचं प्रमाण खाणाऱ्याच्या हातात हवं.

कुठला आलुबुखार, तेही नीट बघून घ्या. सियागंजला किराण्याच्या दुकानात नुसता आलुबुखार मागितला तर पुष्कळदा बिर्याणीत घालतात तो देतील: लहान, सुरकुतलेला, बीसकट आणि चांगलाच आंबट. तो आपल्या कामाचा नाही. सुकामेव्याच्या दुकानात ‘प्रून्स’ म्हणून मोठे, काळे, मऊ, बी काढलेले मिळतात, ते घ्या. साखर लावलेले किंवा पाकातले नकोत.

वाइनबद्दल एक आनंदाची गोष्ट सांगते. टूर्सच्या शेजारी वूव्रे नावाचं गाव आहे, आणि या पदार्थात तिथलीच पांढरी वाइन घालायची पद्धत आहे. ती होते शेनिन ब्लाँ जातीच्या द्राक्षांपासून. आणि आपल्या नाशिककडेही शेनिन ब्लाँची लागवड आहे, त्याच नावानं बाटली मिळते. इंदूरच्या परवान्याच्या दुकानात विचारा. नाशिकची बरेचदा थोडी गोडसर असते, म्हणून पाव लिटरच घाला आणि शेवटी एक चमचा मोहरीचा सॉस, फ्रेंच पद्धतीचा, ढवळून गोड खाली आणा. आपला कासुंदीसारखा झणझणीत नको. रेड करंटची जेली इथे सहसा सापडत नाही; घरी केलेली पेरूची जेली असेल तर अर्धा चमचा घाला, तिचा आंबट-गोडपणा फार छान बसतो. नसेल तर काहीच अडत नाही.

जमलं तर हे सगळं एक दिवस आधी करा. थंड करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्यानं सहज निघतो. (टाकू नका, त्यात बटाटे परता.) दुसऱ्या दिवशी मंद आचेवर गरम करा. चव आदल्या दिवसापेक्षा खोल लागते आणि पाहुणे आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात अडकून पडत नाही. बरोबर बटाट्याचं मऊ भरीत: लोणी, गरम दूध, मीठ, बस्स. या बाबतीत आपण नशीबवान, कारण माळव्याचा चिप्सचा बटाटा पाणी कमी आणि पिठूळ, याला अगदी हवा तसा. मिक्सरमधून काढू नका, चिकट होतो. हातानं किंवा पावभाजीच्या दट्ट्यानं कुस्करा.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्या ओट्याचा मान राखा. हे चोरून किंवा ‘कळणार नाही’ म्हणून करण्यात मला आनंद वाटत नाही, आणि तुमच्या मुलीलाही तो घास गोड लागणार नाही. त्यांना सरळ सांगा, नातीसाठी काय करायचं आहे आणि का. गच्चीवर किंवा मागच्या अंगणात वेगळी शेगडी लावा, भांडं, सुरी, पाट सगळं वेगळं ठेवा. कोळशाची सिगडी असेल तर फारच बरं. राखेखालच्या निखाऱ्यांवर हे भांडं जसं शिजतं तसं गॅसवर शिजत नाही. डिसेंबरातल्या उन्हात तीन तास गच्चीवर बसायला मुलगीही येईल. आणि जेवायला जे कोणी येणार असतील त्यांना आधीच सांगा की हे पोर्क आहे. ताट वाढल्यावर कोणाची अडचण होऊ नये.

जंतांबद्दल मोकळेपणानं बोलू, कारण इंदूरसारख्या शहरात डुकरं रस्त्यावर हिंडताना पाहिलेल्या पिढीला ही भीती असणं रास्त आहे. पट्टकृमी कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून पोटात जाऊ शकतो, हे खरं. पण अखंड तुकड्याला आतपर्यंत ६३ अंश आणि वर तीन मिनिटांचा विसावा एवढं सुरक्षित मानतात, आणि आपलं मांस तर नव्वदीच्या आसपास दोन तास राहतं. त्यात काही जिवंत उरत नाही. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार आपण ऐकतो, तो मांस खाऊन थेट होत नाही. जंताची अंडी पोटात गेल्यानं होतो, म्हणजे दूषित पाणी, न धुतलेली कच्ची भाजी, अस्वच्छ हात यांतून. म्हणून तो शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो. तेव्हा कोथिंबीर आणि सॅलड धुण्याकडे तेवढंच लक्ष द्या. मांस कापताना आत साबुदाण्यासारखे पांढरट दाणे दिसले तर ते शिजवू नका, परत करा. एरवी बंदिस्त जागी पाळलेल्या जनावराचं मांस देणारा, नेहमीचा, स्वच्छ दुकानदार धरा.

प्रश्न: आम्ही बडोद्याचे. दारूबंदीमुळे वाइनचा प्रश्नच नाही, आणि आमच्याकडे एरवीही कोणी घेत नाही. वाइनऐवजी कोकम किंवा चिंच चालेल का? लोक म्हणतात शिजवल्यावर अल्कोहोल उडून जातं, ते खरं का? (एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर: पूर्ण उडून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकाप्रमाणे तासभर शिजवल्यावर साधारण चौथा हिस्सा उरतो, अडीच तासांनी पाच टक्के. म्हणजे फारच थोडं, पण शून्य नव्हे. तेव्हा ज्यांना धर्मानं, औषधानं किंवा मनानं चालत नाही, त्यांना ‘उडून गेलंय’ असं सांगून वाढू नये.

कोकम, चिंच नको. दोन्ही सुंदर, पण त्यांची चव आपल्या घरचीच आहे. मग तो कोकणी रस्सा होईल. अर्धा कप बिनसाखरेचा सफरचंदाचा रस, एक मोठा चमचा सफरचंदाचं व्हिनेगर आणि बाकी साधं पाणी किंवा हाडांचं पाणी घ्या. आलुबुखार चहात भिजवा. तो भिजवलेला चहाही रश्श्यात ओता, त्याचा तुरटपणा वाइनची जागा बऱ्यापैकी भरून काढतो. पोर्क बडोद्यात सहज मिळालं नाही तर पुढचं ग्वाल्हेरचं पत्र वाचा.

प्रश्न: घरी पोर्क चालत नाही, मटण चालतं. त्यात हेच करता येईल का? आजोबांच्या वहीत रानडुकराच्या मटणाला कच्ची पपई लावायला सांगितलंय, ती लावू का? (एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: मटणात नक्की करा. बोकडाचं खांद्याचं मांस घ्या, त्यात पडदे आणि चरबी दोन्ही आहेत. वेळ दोन तासांच्या आसपास. मोरोक्कोत मटण आणि आलुबुखार मातीच्या भांड्यात शिजवतात, आणि आपल्या पारशी घरांतलं जर्दाळू घातलेलं मटण तर अनेकांनी खाल्लेलं असेल. आलुबुखारापेक्षा मटणाला जर्दाळूच जास्त शोभतात, असं माझं मत आहे. तेही भिजवून, शेवटी.

पपई लावू नका. पपईतलं पपेन मांसाचे धागेच तोडतं. आणि वर तीन तासांची मंद आच मिळाली की फोड पिठूळ होते, धरून राहत नाही. आजोबांच्या काळात ती गरज होती. रानडुक्कर म्हणजे धावतं, वयस्क, कमी चरबीचं जनावर, आणि स्वयंपाक शिकारीच्या तळावर उरकायचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार बंद झाली, ती योग्यच. वही मात्र जपा. त्यातले लवंग-मिऱ्याचे अंदाज उतरवून पाठवलेत तर मला वाचायला आवडतील.

प्रश्न: आलुबुखार मुलांना आवडत नाही. अननस, सीताफळ, पेरू, सफरचंद, कुठलं फळ चालेल? (एक वाचक, महू)

उत्तर: सफरचंद सगळ्यात आधी. फ्रान्सच्या वायव्येला नॉर्मंडीत पोर्क सफरचंदाबरोबरच करतात, त्यात वाइनऐवजी सफरचंदाची सायडर आणि शेवटी क्रीम. फक्त सफरचंद निवडून घ्या. लाल डिलिशस शिजलं की रवाळ होतं आणि त्याचा लगदा होतो. हिमाचलचं पिवळं गोल्डन किंवा हिरवं आंबट घ्या, जाड फोडी लोण्यात वेगळ्या परतून, वाढताना वरून घाला. भांड्यात शिजवू नका. नाशपाती तशीच. पेरू कच्चट, बिया काढून, शेवटची पंधरा मिनिटं. हा माझा स्वतःचा आवडता, थंडीत महूकडच्या बागांतला पेरू आला की मी आलुबुखार बाजूलाच ठेवते.

ताजा अननस नको. त्यातलं ब्रोमेलिन पपईसारखंच मांस खातं. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, त्यात तो दोष नाही, पण चव इतकी पुढे येते की बाकी काही लागत नाही. सीताफळ तर मुळीच नको, गरम झालं की कडवट होतं.

प्रश्न: नोकरी सांभाळून तीन तास कुठून आणायचे? कुकरमध्ये होणार नाही का? आणि क्रीम घातलं की माझा रस्सा फाटतो. (एक वाचक, विजयनगर, इंदूर)

उत्तर: रोजच्या दिवशी कुकर वापरा, त्यात गैर काही नाही. कुकरमध्ये १२० अंशांपर्यंत तापमान जातं, म्हणून पडदे लवकर विरघळतात. धागे थोडे सुटे होतात एवढंच. परतण्याची पायरी सोडू नका, पाणी एक कपच घाला, शिटी झाल्यावर आच अगदी बारीक करून पंचवीस मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. मग झाकण काढून फळ घाला आणि वीस मिनिटं उघडंच शिजवा, म्हणजे रस्सा आटून अंगाला येतो. विजेचा स्लो कुकर असेल तर सकाळी लावून कामाला जा. त्यातून वाफ बाहेर जात नाही म्हणून द्रव निम्मा घाला, आणि संध्याकाळी रस्सा वेगळ्या कढईत आटवा.

क्रीम फाटतं, कारण आपल्याकडच्या पाकिटातल्या साध्या क्रीममध्ये चरबी २५ टक्के असते आणि फ्रेंच क्रीममध्ये ३० च्या वर. चरबी कमी, त्यात वाइनचा आंबटपणा आणि उकळी, मग ते फुटणारच. गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा, वाटीभर रस्सा क्रीममध्ये घालून ढवळा आणि ते मिश्रण भांड्यात ओता. नंतर पुन्हा उकळू नका. दुसऱ्या दिवशी डब्यात न्यायचं असेल तर त्या भागात क्रीम घालूच नका; मांस आणि फळ तेवढं वेगळं काढून ठेवा, पावाच्या दोन तुकड्यांत थंडही चांगलं लागतं.